लेकीच्या पत्त्यावरून परत आलेली पत्रे

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी माझे स्वतःचे हसू आठवते, आणि मग लाज वाटते.

निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते. मोताळा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, बाजाराचा बंदोबस्त वाटून झाला होता आणि मी चहाची वाट पाहत होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, एक बाई आल्यात. वेबसाईट चोरीला गेली म्हणतात."

मी मोठ्याने हसलो. म्हणालो, "म्हैस चोरीला गेली तर निदान दावं तरी मागं राहतं. इथे मी पंचनामा कशाचा करू?" अंमलदारही हसला. दार उघडे होते आणि बाई दाराबाहेरच्या बाकावरच बसल्या होत्या, हे मला नंतर कळले.

बाई आत आल्या. पन्नाशीच्या असतील. नखांत कोकोपीटचा तपकिरी भुगा अडकलेला, म्हणजे रोपांच्या ट्रेमध्ये हात घालणारी बाई. दोन पावले मागे त्यांचे यजमान होते. डोक्यावर टोपी, अंगात बंडी, आणि उजवा हात बंडीच्या आतल्या खिशावर धरलेला. ठाण्यात आल्यावर माणसे खिसा सांभाळतात, तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. नवल एवढेच वाटले की बायको तक्रार सांगत होती आणि हा गृहस्थ एकटक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

"आमची रोपवाटिका हाये सायेब, धामणगाव बढ्याच्या पुढं," बाई म्हणाल्या. "मिरची, वांगे, टमाट्याचे रोपं करतो. पोरीनं वेबसाईट बनवून देल्ली होती. लोक त्याच्यावर पाहून रोपं सांगत. आता ते उघडतच नाई."

"कधीपासून?"

"अकरा दिस झाले. पन रोपाचं जाऊ द्या, लोक फोनवरबी सांगतात. माहे मेल वापस येऊन राह्यले."

"कुणाला पाठवलेले मेल?"

"लेकीले."

मला घाई होती, चहा आला होता. मी म्हणालो, "मग ताई, सरळ लेकीला फोन लावून विचारा ना. वेबसाईट तिनेच बनवली म्हणता."

कॅलेंडरकडे पाहणारा गृहस्थ तसाच पाहत म्हणाला, "पोरगी नाई आता सायेब. दोन वर्सं झाले."

तेहतीस वर्षे नोकरी झाली होती. माणसांना काय विचारावे आणि कोणत्या क्रमाने विचारावे हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. तो चहा मी तसाच बाजूला सारला.

मुलगी पुण्याला नोकरीला होती. तापाचे निमित्त झाले आणि चार दिवसांत गेली. एकुलती एक. रोपवाटिकेच्या वेबसाईटच्या नावावर तिने स्वतःचा एक मेलचा पत्ता काढून ठेवला होता आणि आईला मोबाईलवर मराठी टंकायला शिकवले होते. रोज संध्याकाळी आईने चार ओळी लिहायच्या, लेकीने सवडीने उत्तर द्यायचे, असा मायलेकींचा रिवाज होता. लेक गेली. आईने लिहिणे थांबवले नाही.

"मले मालूम हाये सायेब ते वाचत नाई," बाई म्हणाल्या. "मी काई येडी नाई. पन लिवलं की जात होतं. वापस नोतं येत. वापस येत नाई म्हनजे कुठंतरी पोचते, नाई का?"

त्यांनी पिशवीतून कागद काढले. गावातल्या सेंटरवर जाऊन त्यांनी परत आलेला प्रत्येक मेल छापून आणला होता. अकरा कागद. वर इंग्रजीत लिहिलेले की असा पत्ता सापडत नाही, आणि खाली बाईंचे चार-चार ओळींचे पत्र. मी एकही वाचले नाही म्हणालो तर खोटे होईल. वरचे एक वाचले. "आज वांग्याचे साठ ट्रे गेले. तुझ्या बाबाचा गुडघा दुखते पन सांगत नाईत. मीबी इचारत नाई. घरात लय गप्पगप्प असते." एवढेच होते.

मी अर्ज घेतला, बारनिशीला, म्हणजे आवक नोंदवहीत, नोंद केली आणि चौकशीवर ठेवला. लगेच गुन्हा दाखल करता येत नव्हता. चोरी झाली म्हणायचे तर काय गेले, कुणाच्या ताब्यातून गेले, हे आधी ठरायला हवे. बाईंना सांगितले, "ताई, मी स्वतः पाहतो." बाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "सायेब, दावं नाई राह्यलं मागं. पन पाहा." त्यांनी ऐकले होते. मला वर पाहता आले नाही.

सायबरचे काम पाहणारी एक महिला शिपाई आमच्याकडे होती. हुशार पोरगी. अर्धा तास संगणकावर बसून ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, वेबसाईटचं नाव एका कंपनीकडे नोंदवलेलं असतं. हे नाव अकरा दिवसांपूर्वी जुन्या कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे बदली होऊन गेलंय. नवा मालक कोण ते झाकलेलं आहे."

"बदली? आपल्यासारखी?"

"तशीच सर. जुन्या ठाण्यातून सोडतात, नवीन ठाणं हजर करून घेतं. पण त्याआधी नावाला लावलेलं कुलूप काढावं लागतं, मग एक गुप्त कोड मिळतो. तो कोड मूळ मालकालाच मिळतो."

"मूळ मालकीण वारली आहे."

"तेच ना सर. मग कोड कुणी घेतला?"

प्रश्न सरळ होता. माझ्या डोक्यात लगेच चोर तयार झाला. मेलेल्या पोरीच्या खात्यात शिरणारा कुणी तिच्या ऑफिसातला असेल, कुणी जुना मित्र असेल. मला राग आला, आणि राग आला की मी चांगले काम करतो असा माझा समज होता.

शिपाई पुढे म्हणाली, "पण सर, चोरानं नाव पळवलं तर तो स्वतःचं काहीतरी तिथे लावतो. इथे काहीच लावलेलं नाही. नेमसर्व्हर अजून जुन्या कंपनीचेच आहेत."

ते काय असते हे मी विचारले. ती म्हणाली, "आपण गावात जाऊन पारावरच्या माणसाला कुणाचं घर विचारतो ना, तो पारावरचा माणूस म्हणजे नेमसर्व्हर. वेबसाईट कुठे आहे, मेलची पेटी कुठे आहे, हे तो सांगतो. इथे तो माणूस जुन्या कंपनीचा. नाव तिकडून गेल्यावर तो म्हणतो, आता मला काही माहीत नाही. घर आहे सर, पेटीपण आहे. वाट सांगणारा कुणी नाही, म्हणून पत्र परत येतं."

"मग आतली पत्रे?"

"पेटी वेगळ्या कंपनीकडे आहे, ती सध्या शाबूत आहे. पण नाव ज्याच्या हातात गेलं त्यानं ते सोडून दिलं किंवा विकलं, तर या पत्त्यावर पत्र कधीच जाणार नाही." तिने हे हळू आवाजात सांगितले. तिची स्वतःची आई गावी एकटीच राहत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर खबर आली. आवाज रुमालातून आल्यासारखा दबलेला. "रोपवाटिकेच्या वेबसाईटचं काम बुलढान्याच्या बसस्टँडपासच्या कॉम्प्युटरच्या दुकानात झालं. त्याले इचारा. पन त्याले मारू नोका सायेब, त्याची गलती नाई."

फोन बंद झाला. मी बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसलो. खबर देणाऱ्याला काहीतरी हवे असते. कुणाला बक्षीस हवे असते, कुणाला शेजाऱ्याची जिरवायची असते. संशयिताला मारू नका म्हणून विनवणी करणारा खबऱ्या मला तेहतीस वर्षांत भेटला नव्हता. आणखी एक गोष्ट कानात राहिली. त्याच्या बोलण्यामागे सतत सूऽऽ असा आवाज येत होता, गॅसच्या शेगडीतून येतो तसा.

दुसऱ्याच दिवशी बुलढाण्याला जिल्हा न्यायालयात माझी साक्ष होती. साक्ष आटोपून शिपाईला घेऊन मी त्या दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा. गणवेश पाहूनच त्याच्या कपाळावर घाम फुटला. आत बसवले, पाणी प्यायला लावले आणि विचारले, "नाव कुणाच्या सांगण्यावरून हलवलं?"

"मालकाच्याच साहेब. तेच आले होते."

"मालकीण वारली आहे."

"तिचे वडील साहेब. दोनदा आले. पहिल्यांदा कुलूप काढलं, दुसऱ्यांदा कोड मागवला. ओटीपी पोरीच्याच मोबाईलवर आला. गुलाबी कव्हर, काचेले तडा. मोबाईल माह्या हाती नाही देला त्यांनी, आकडे स्वतः वाचून दाखवले. बंडीतून काढत अन् परत बंडीत ठेवत."

बंडी म्हटल्याबरोबर मला कॅलेंडरकडे पाहणारा गृहस्थ आणि खिशावरचा त्याचा हात आठवला. माझा ऑफिसातला चोर, जुना मित्र, सगळे एका दमात गळून पडले.

"मग नेमसर्व्हर का नाही बदलले?" शिपाईने विचारले.

दुकानदार म्हणाला, "मी म्हटलं होतं मॅडम, की काका, तेबी लगे हात पाहून घेतो. तर म्हणे, नाव तेवढं माह्या खात्यात आना. बाकी पोरीनं जसं ठेवलं तसं राहू द्या, कायलेच हात नोका लावू. मी नाही लावला. काका परत येतील, मग सांगू, म्हटलं. ते आलेच नाहीत."

शिपाईने माझ्याकडे पाहिले. लेकीने मांडलेले काही हलू नये म्हणून बापाने हात लावू दिला नव्हता, आणि तेवढ्यानेच सगळे मोडले होते.

परतताना मी घाटात जीप थांबवली आणि थोडा वेळ खाली उतरून उभा राहिलो. आता तक्रारदार बाई आणि आरोपी तिचा नवरा, अशी ती केस झाली होती. तक्रार द्यायला मात्र दोघे एकत्रच आले होते.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत रोपवाटिकेवर गेलो. बाई रोपांची गाडी भरून एका गावाला गेल्या होत्या. गृहस्थ हिरव्या जाळीखाली एकटे होते. वरच्या नळ्यांमधून रोपांवर तुषार सुटत होते, सूऽऽ असा आवाज करत. खबऱ्याही सापडला.

मी ठाणेदाराची भाषा बाजूला ठेवली. मी मूळचा याच जिल्ह्यातल्या हिवरा आश्रम गावाकडचा, घरची बोली विसरलो नव्हतो. म्हणालो, "भाऊ, फोन तुम्हीच केला होता ना? काऊन असं केलं?"

त्यांनी नळ्यांची चावी बंद केली. उपड्या क्रेटवर बसले आणि बंडीतून तो मोबाईल काढून मांडीवर ठेवला.

"दवाखान्यातून सामान भेटलं तवा हा फोन होता. घरी सांगतलं, हरवला. नाई तं ते फोनकडं पाहतच बसली असती, अन्न गेलं नसतं पोटात. मंग म्याच ठेवला. चार्ज करतो, रिचार्ज मारतो. रोज संध्याकाळी तिचा मेल यावर येते, तवा वाजते."

"वाचता का तुम्ही?"

"नाई. पत्र लेकीले हाये. आपन कसं उघडाव?" त्यांनी काचेवरचा भुगा अंगठ्याने पुसला. "गेल्या महिन्यात कंपनीचा मॅसेज आला. म्हने, ज्याच्या नावावर सिम हाये त्यानं ओळखपत्र घेऊन समक्ष हजर राहावं, नाई तं नंबर बंद. समक्ष कोन राहीन सायेब? नंबर गेला की ओटीपी गेला, ओटीपी गेला की वेबसाईट गेली. म्हून घाई केली, नंबर चालू हाये तवरच नाव माह्या खात्यात आनलं. अन् त्याच दिसापासून हा वाजाचा बंद झाला. तिले मेल वापस आल्याचं दुसऱ्या दिशी समजलं. मले त्याच संध्याकाळी समजलं. पुन्हा हात लावाचं भेव वाटलं, म्हून तुमाले फोन केला. माह्या हातून तुटलं सायेब, पोरीचं."

आणि त्यांना रडू आले. मोठा माणूस रडतो तेव्हा पोलिसाने काय करावे हे कोणत्याही नियमावलीत दिलेले नाही. मी शेजारच्या क्रेटवर बसून राहिलो.

शेवटी म्हणालो, "भाऊ, तुटलं नाही. दुरुस्त होतं. पण घरी सांगावं लागेल. मला अर्जावर अहवाल लिहायचा आहे, त्यात खरं लिहावं लागेल. कागदावरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू द्या."

"माह्यानं नाई होत," ते म्हणाले.

दुकानदाराने त्याच दिवशी नवे नेमसर्व्हर लावले आणि वेबसाईट कुठे, पेटी कुठे, याच्या नोंदी शिपाईने फोनवरून सांगितल्या तशा भरल्या. हा बदल जगभर पोचायला काही तास लागतील, कदाचित दोन दिवस, असे तिने सांगितले. दोन दिवसांनी रोपवाटिकेचे पान उघडले. मिरचीच्या ट्रेसमोर उभ्या असलेल्या बाईंचा फोटो, लेकीने काढलेला. मी दोघांना ठाण्यात बोलावले.

भर दुपार होती. बाई माझ्यासमोर बसल्या, गृहस्थ त्यांच्या शेजारी. त्यांनी घरी अजून काही सांगितले नव्हते हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसले. हात खिशावर होताच.

"ताई, नाव सापडलं. सुरक्षित आहे. आता एक मेल करून पाहा," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा लावला आणि एका बोटाने लिहायला लागल्या. पुष्कळ वेळ लिहीत होत्या. मग मोबाईल टेबलावर ठेवून दोन्ही हात मांडीवर घेतले. परत येतो का, याची आम्ही सगळे वाट पाहत होतो. शिपाई दाराशी उभी होती.

परत काही आले नाही. आणि गृहस्थांच्या बंडीतून बाईंचा स्वतःचा आवाज आला. "जेवली का वं माय?"

लेकीने कधीतरी आईचा आवाज फोनमध्ये भरून ठेवला होता. आईचा मेल आला की तोच वाजायचा. गृहस्थांनी मला नुसते "वाजते" म्हणून सांगितले होते. दोन वर्षे रोज संध्याकाळी ते रोपांमध्ये उभे राहून हे ऐकत होते.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. त्यांनी मोबाईल काढून टेबलावर ठेवला. कव्हरचा गुलाबी रंग कडांना उडाला होता.

"तुमच्यापाशी होता?"

"हाव."

"इतके दिस?"

"हाव. नावबी म्याच हलवलं. नंबर बंद होनार होता."

बाईंनी मोबाईल उचलून काचेच्या तड्यावरून बोट फिरवले. मला वाटले, आता ठाण्यात भांडण होणार. मग त्यांनी हळू विचारले, "माहे पत्र वाचले तुमी?"

"नाई. तुह्ये पत्र लेकीले होते. एकबी नाई उघडलं."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. म्हणाल्या, "वाचाले पाह्यजे होते. सगळं तुमचंच लिवलं होतं."

शिपाई दारातून बाहेर निघून गेली. मी अर्जाची फाईल उघडली, कारण मला हाताला काहीतरी काम हवे होते. त्यात ते अकरा कागद जोडलेले होते. मी टाचणी काढली, कागद गृहस्थांसमोर ठेवले आणि म्हणालो, "अर्जासोबतची कागदपत्रे परत मिळाली, म्हणून सही करा." त्यांनी सही केली. कागद घडी करून त्याच खिशात ठेवायला निघाले तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "आता कायले ठेवता. वाचा." आणि ते माझ्या टेबलापाशी, बोट ठेवून, अडखळत, पहिला कागद वाचू लागले. गुडघ्याच्या ओळीपाशी आले तेव्हा थांबले. "दुखते थोडासा," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "मालूम हाये."

अहवालात मी लिहिले की सदर नाव अर्जदाराच्या पतीनेच सांभाळण्याच्या हेतूने स्वतःच्या खात्यात घेतले, त्यात अप्रामाणिक उद्देश दिसून येत नाही, अर्जदाराची कुणाविरुद्ध तक्रार नाही, सबब अर्ज दफ्तरी दाखल करावा. वरिष्ठांनी तो मंजूर केला. तेहतीस वर्षांत मी किती अहवाल लिहिले याची गणती नाही, पण दुसऱ्यांदा वाचावासा वाटलेला तेवढाच.

या केसने मला काय शिकवले? चोर शोधायची सवय लागली की माणूस सगळीकडे चोर पाहतो, हे एक. दुसरे असे की ठाण्यात जो बोलतो त्याचा जबाब आपण लिहून घेतो, आणि जो शेजारी गप्प बसून कॅलेंडर पाहतो त्याला साधे पाणीही विचारत नाही. त्या गृहस्थांना मी पहिल्या दिवशी नुसते "भाऊ, तुमचं काय?" विचारले असते, तर कदाचित बाईंचे ते पाच-सहा दिवस वाचले असते. आणि एक सांगायला हरकत नाही. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी बायकोला विचारले, तुझी पाठ कशी आहे? ती म्हणाली, आज काय झालं तुम्हाला?

आता मी निवृत्त होऊन बुलढाण्यात राहतो. मुलीचा तो नंबर पुढे बंद झाला, पण मोबाईल रोपवाटिकेच्या वायफायवर चालतो आणि संध्याकाळी वाजतो, असे शिपाईने सांगितले. ती अजून अधूनमधून तिकडे जाते. नावाचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते. ती तारीख मी माझ्या घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो आणि आठ दिवस आधी गृहस्थांना फोन लावतो.

"भाऊ, नूतनीकरण झालं का?"

मागे तुषारांचा सूऽऽ आवाज असतो. "झालं सायेब," ते म्हणतात. "दोघंबी जाऊन करून आलो."